मनीचा देवळा ते पुणे प्रवास
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगताचे शब्दांकन)



समितीने मला पंधरा मिनिटं दिली आहेत. विषय विचारला तेव्हा फोनवरून मला सुचवण्यात आलं, "तुम्ही पशुवैद्यकीय खात्यात बत्तीस वर्षं काढली. दुग्धव्यवसायावर बोला, नाहीतर निवृत्तीनंतरच्या जीवनावर बोला." मी म्हटलं, मी मांजरीवर बोलतो. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग आवाज आला, "बरं, पण पंधरा मिनिटांतच आवरा."

तर मित्रहो, मांजरीला मोटारीत घालून देवळ्याहून पुण्याला कसं न्यायचं, हा माझा आजचा विषय आहे. हसा, हसून घ्या. मीही आधी हसलोच होतो.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आमचं घर माहीत आहे. शाळा सुटल्यावर ओट्यावर बसून आईच्या हातचे शेंगदाणे खाल्लेले चार-पाच जण तर मला इथूनच दिसताहेत. त्या घरातून २०२२ च्या पावसाळ्यात आमचे अण्णा गेले. मागे आई राहिली, वय त्र्याऐंशी, आणि तिच्यासोबत मनी राहिली. आमच्या घरात आजवर जेवढ्या मांजरी झाल्या, त्या सगळ्यांचं नाव मनीच. ही बहुतेक सातवी. पांढरी, पाठीवर काळा डाग, डावा कान थोडा फाटलेला. मळ्यातल्या कांदा चाळीत जन्मलेली. आपल्या कसमादे पट्ट्यात मांजर कुणी हौसेखातर पाळत नाही. चाळीत उंदीर शिरतात, उंदरांमागे साप येतात, म्हणून मांजर लागतं. अण्णा थकले, मळा वाट्याने दिला, तेव्हा ही मनी त्यांच्या पाठोपाठ गावातल्या घरी आली आणि तिथलीच झाली.

मी निवृत्तीनंतर पुण्यात मुलाकडे राहतो. अण्णांचे दिवसकार्य झाल्यावर आम्ही भावंडांनी बसून ठरवलं की आईला आता एकटीला ठेवायचं नाही, पुण्याला न्यायचं. ठरवलं आम्ही, तिला सांगितलं नंतर. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना एवढंच म्हणाली, "मनी येणार असेल तर मी येईन."

मी म्हटलं, "आई, मांजर इथंच राहील, शेजारच्या काकू दूध घालतील." ती म्हणाली, "मग मला पण त्याच घालतील."

यावर काय बोलणार? मनी न्यायची ठरली.

आता माझी अडचण लक्षात घ्या. मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो. तिथे मांजर पुस्तकातही होतं आणि दवाखान्यातही. पण नोकरी सगळी खेड्यांतल्या दवाखान्यांत झाली. गाय अडली, बैलाच्या खांद्याला सूज आली, शेळ्यांना आंत्रविषार झाला, म्हशीचं वार पडलं नाही, हे माझं काम. जनावर खोड्यात घातलं की माझा हात चालायचा. मांजर कुणी दवाखान्यात आणायचंच नाही. बत्तीस वर्षांत मी तपासलेली मांजरं दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील. पण डॉक्टरकी डोक्यात असतेच. मला वाटलं, आठशे किलोचा वळू मी ट्रकमध्ये चढवला आहे, तर चार किलोच्या मांजरीचं काय एवढं?

नोव्हेंबरात, दिवाळी उरकल्यावर, निघायचा दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी मी मळ्यातून टोमॅटोचे दोन क्रेट आणले. एकात गोणपाट अंथरलं, दुसरा त्यावर पालथा घातला आणि सुतळीने बांधला. झाली मांजरीची पेटी तयार. सकाळी आईने मायेपोटी मनीला दूध-भाकरी पोटभर घातली. अकरा वाजता शेजारणींचं रडणं-भेटणं झालं. मनीला मानेला धरून क्रेटमध्ये कोंबलं, माझ्या हातावर चार ओरखडे आले. क्रेट मागच्या सीटवर आईच्या शेजारी ठेवला आणि आम्ही निघालो.

पुढच्या एकेका वाक्यात एकेक चूक आहे, ती मी नंतर मोजून दाखवतो.

पाचकंदिलापासूनच मनीने तोंड उघडलं. मांजराचं नेहमीचं म्यांव नव्हतं ते, पोटातून येणारा लांब सूर होता. भावडबारी घाटात ती पहिल्यांदा ओकली. आग्रा रोडला लागलो, पिंपळगाव गेलं, ओझर गेलं, नाशिकच्या गर्दीतून बाहेर पडलो, सिन्नरला जेवायला थांबलो. आई जेवली नाही, गाडीतच बसून राहिली. संगमनेर ओलांडून चंदनापुरीचा घाट चढलो तोवर गाडीत वास मावेना. मनीने क्रेटमध्येच सगळं केलं होतं, लाळ गळत होती. आई लुगड्याच्या पदराने क्रेटच्या फटींतून तिचं तोंड पुसत होती.

घाटानंतर एका छोट्या हॉटेलपाशी मी गाडी थांबवली. म्हटलं, गोणपाट बदलू. मागचं दार उघडलं आणि सुतळी सोडली. त्याच वेळी रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकने हॉर्न दिला. मला फक्त एक पांढरा पट्टा दिसला. मनी गेली होती.

साडेतीन वाजले होते. मी, माझी बायको, हॉटेलवाला, त्याची दोन पोरं, सगळे तिला शोधायला पांगलो. मागे डाळिंबाची बाग होती, त्यापलीकडे कांद्याचं रान. "मनी, मनी" करत आम्ही अर्धा-पाऊण किलोमीटर गेलो. बांध पाहिले, विहिरीत डोकावलो. नोव्हेंबरचा दिवस, सहाला अंधार पडला. मी परत आलो. आई हॉटेलच्या बाकावर बसली होती, तशीच. मला वाटलं होतं की ती रागावेल. ती म्हणाली, "अण्णा गेले तेव्हा ती तीन दिवस त्यांच्या खाटेखाली होती. तू पाहिलं नाहीस, तू पाहुण्यांत होतास."

मित्रहो, त्या क्षणी मला कळलं की मी काय हरवलं होतं.

मग आईनेच सूत्र हातात घेतलं. म्हणाली, "आधी सगळे गप्प बसा. ओरडून ती जास्त घाबरते." हॉटेलवाल्याला बाहेरचा मोठा दिवा मालवायला लावला. आपल्या पिशवीतून मनीची रोजची जर्मनची वाटी काढली. हॉटेलवाल्याने दूध दिलं. आईने बरोबरच्या शिदोरीतली भाकरी त्यात कुस्करली, रस्त्याच्या कडेला खाली बसली आणि वाटी दगडावर तीनदा वाजवली. घरी रोज दिवेलागणीला वाजवते तशीच. थांबली. पुन्हा तीनदा.

असं किती वेळ चाललं होतं, मी घड्याळ पाहिलं नाही. रस्त्याखाली पाण्याची मोरी होती, गाडीपासून तीस पावलांवर. त्या मोरीच्या तोंडाशी दोन डोळे चमकले. आई हलली नाही. मनी पोट जमिनीला घासत आली, वाटीत तोंड घातलं, आणि आईने पदर तिच्यावर टाकून तिला उचललं.

आम्ही दोन तास रानोमाळ ओरडत फिरलो आणि ती तीस पावलांवर होती. घाबरलेलं मांजर लांब पळत नाही. ते जवळच्या पहिल्या सांदीत शिरतं आणि चिडीचूप बसतं. ओळखीच्या माणसाच्या हाकेलाही ओ देत नाही, कारण आवाज केला तर आपण सापडू ही त्याची हजारो वर्षांची शिकवण आहे. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, पण आठवलं घरी गेल्यावर.

हॉटेलवाल्याने दुधाचे पैसे घेतले नाहीत. मी गाडी सुरू केली आणि म्हटलं, "आई, आता अडीच-तीन तासांत पुणं." आई म्हणाली, "उलटी फिरव गाडी."

"अगं, आता पुणं जवळ आहे."

"तुला जवळ असेल."

रात्री एक वाजता आम्ही देवळ्याला परत पोहोचलो. दार उघडल्याबरोबर मनी अण्णांच्या खाटेखाली गेली. आई दिवा न लावताच त्या खाटेवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी मी नाशिकला फोन केला. पूर्वी माझ्या हाताखाली काही महिने शिकायला असलेला एक मुलगा तिथे कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवतो. त्याने माझी सगळी कथा ऐकून घेतली आणि अगदी अदबीने म्हणाला, "सर, गाभण गाय ट्रकमधून न्यायची असेल तर तुम्ही शेतकऱ्याला काय काय सांगायचात? चारा कधी, पाणी कधी, खाली काय अंथरायचं, तोंड कुठं करायचं. मांजरीसाठी यातलं तुम्ही काय केलंत?"

काहीच केलं नव्हतं. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली जनावरांच्या वाहतुकीचे नियम झाले ते १९७८ साली, म्हणजे आपण दहावी झालो त्याच वर्षी. त्या नियमांवर बोट ठेवून मी कित्येक ट्रक तपासले आहेत. त्यात कुत्र्या-मांजरांसाठी वेगळं प्रकरण आहे, प्रवासाला योग्य असल्याचा डॉक्टरचा दाखला हवा असं त्यात लिहिलेलं आहे. माझ्याच मांजरीचा दाखला मी लिहिला नव्हता.

त्या मुलाने सांगितलं आणि आम्ही महिनाभर जे केलं, ते मी आता सांगतो. तुमच्यापैकी कुणाच्या ना कुणाच्या घरी उद्या ही वेळ येणार आहे.

पहिली गोष्ट पेटीची. कडक प्लॅस्टिकची, दाराला पक्की कडी असलेली, शक्य तर वरूनही उघडणारी पेटी घ्यावी. मांजराला आत उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे, त्याहून फार मोठी नको. आणि ती पेटी आदल्या दिवशी आणायची नाही. आम्ही ती ओसरीत दार उघडं ठेवून महिनाभर मांडली. आईने आपल्या जुन्या लुगड्याच्या गोधडीचा तुकडा आत घातला, न धुतलेला. मनीची वाटी पहिल्यांदा पेटीच्या बाहेर, मग दारात, मग आत. दहाव्या दिवशी ती आपणहून दुपारची झोपायला तिथे जाऊ लागली.

गोधडी न धुतलेली का? तर मांजर आपलं जग नाकाने ओळखतं. तुमच्या पायाला, दाराच्या चौकटीला ते गाल घासतं ना, ती नुसती माया नसते. गालांपाशी ग्रंथी असतात, त्यांचा वास ते तिथे लावून ठेवतं. हे माझं, इथे मी सुखरूप, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे म्हणतात की कुत्रं माणसाला धरून असतं आणि मांजर घराला. लहानपणी नकोसं मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडलेलं आणि चार दिवसांनी ते पुन्हा चुलीपाशी आलेलं आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून मांजर न्यायचं तर त्याच्या घराचा थोडा वास बरोबर न्यावा लागतो.

दुसरी गोष्ट सरावाची. पहिल्या दिवशी मनी पेटीत, पेटी गाडीत, गाडी बंद. पाच मिनिटं, आणि परत घरात. दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू, गाडी जागेवरच. मग पाचकंदिलापर्यंत. मग लोहोणेरपर्यंत. शेवटी भावडबारीचा घाट, एकदा तिकडून, एकदा इकडून. प्रत्येक वेळी घरी आल्यावर तिच्या आवडीचं काहीतरी. गावात लोक विचारायचे, डॉक्टर, रोज मांजरीला कुठं फिरवता? मी म्हणायचो, गाडी शिकवतोय.

तिसरी गोष्ट पोटाची. प्रवासाआधी पाच-सहा तास पोटभर खाऊ घालू नये, पाणी मात्र द्यावं. आपल्याला घाटात मळमळतं ते कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियामुळे. मांजराला तेच इंद्रिय आहे आणि तीच मळमळ होते. लाळ गळायला लागली की समजावं. पिल्लांना मात्र इतका वेळ उपाशी ठेवायचं नाही.

चौथी गोष्ट जागेची. पेटी पुढच्या सीटवर नको, तिथे हवेची पिशवी फुटली तर जीव जाईल. डिकीत नको. मांडीवर तर नकोच नको. ब्रेक दाबला की मांडीवरचं मांजर दगडासारखं पुढे जातं, नाहीतर ड्रायव्हरच्या पायांत, पेडलखाली शिरतं. पुढच्या सीटच्या मागे पायांच्या जागेत पेटी घट्ट बसवावी, नाहीतर मागच्या सीटवर पट्ट्याने बांधावी. तीन बाजूंनी पातळ सुती कापड टाकावं. पळती झाडं, येणारे ट्रक दिसले नाहीत की ते शांत राहतं. हवा मात्र खेळती हवी.

पाचवी, आणि माझ्या अनुभवातली सगळ्यात मोठी. गाडीचं एकही दार किंवा काच उघडी असताना पेटी उघडायची नाही. गोठ्याचं फाटक लावल्याशिवाय दावं सोडायचं नाही, हे आपल्याला घरात कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तोच नियम. दर तीन-चार तासांनी थांबावं, सगळी दारं बंद करावी, मग पेटी उघडून पाणी आणि मातीचा ट्रे पुढे करावा. आम्ही ट्रेमध्ये घरामागच्या अंगणातलीच माती नेली. मांजर ट्रेवर गेलं नाही तर लगेच घाबरू नये, मोठं मांजर बराच वेळ धरू शकतं. पण बोका असेल आणि चोवीस तास लघवी झाली नसेल, किंवा तो सारखा बसून कुंथत असेल, तर डॉक्टर गाठायलाच हवा. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, ती तुंबली तर दोन-तीन दिवसांत जीव जातो.

सहावी गोष्ट उन्हाची. बंद गाडीत मांजर सोडून जेवायला जाऊ नका. उन्हातल्या बंद गाडीचं तापमान अर्ध्या तासात अठरा-वीस अंशांनी चढतं. बाहेर पंचवीस असेल तर आत पंचेचाळीस होईल. मांजराला घाम येतो तो फक्त पंजांच्या तळव्यांना. मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकू लागलं तर ते संकटात आहे. थांबा, सावलीत न्या, गार हवा द्या, डॉक्टर शोधा.

सातवी गोष्ट औषधाची. ही स्मरणिकेत ठळक छापा अशी माझी विनंती आहे. माणसाची गोळी मांजराला देऊ नका. आपल्या प्रत्येकाच्या घरात जी पॅरासिटामॉलची गोळी असते, ती एकसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. ते औषध पचवण्याची व्यवस्था मांजराच्या यकृतात पुरेशी नाही. फारच बुजरं मांजर असेल तर भीती कमी करणारं औषध आज मिळतं. पण ते त्याचं वजन आणि तब्येत पाहून डॉक्टरने ठरवायचं, आणि एकदा घरी देऊन बघायचं, थेट प्रवासात नाही. रेबीजची लस वेळेवर टोचलेली असावी, गळ्यात फोन नंबरचा पट्टा असावा.

डिसेंबरच्या अखेरीस आम्ही दुसऱ्यांदा निघालो. पहाटे पाचला, निरोपाचा गोंधळ आदल्या दिवशीच उरकून. मनी ओसरीतून स्वतः पेटीत गेली. पहिला अर्धा तास ओरडली. घाट उतरल्यावर गप्प झाली. सिन्नरच्या पुढे आईने कापड बाजूला करून पाहिलं, तर ती गोधडीत तोंड खुपसून झोपली होती. चंदनापुरीनंतरच्या त्या हॉटेलवर आम्ही मुद्दाम थांबलो, चहा घेतला. हॉटेलवाल्याने काचेतून मनीला पाहिलं आणि पोरांना हाक मारली. दुपारी दीडला पुण्यात.

तिथेही मनीला लगेच सगळं घर दाखवलं नाही. एक खोली दिली. पेटी उघडी ठेवली, ट्रे, वाटी, गोधडी तिथेच. दोन दिवस ती कपाटाखाली होती. पाचव्या दिवशी खिडकीत बसली. घर सहाव्या मजल्यावर आहे, म्हणून तिच्या येण्याआधीच खिडक्यांना आणि गॅलरीला जाळ्या बसवून घेतल्या होत्या. तीन आठवड्यांत ती घराची झाली.

माझं मांजरपुराण इथे संपायला हवं. पण एक दिवस काय झालं ते सांगून थांबतो.

जानेवारी संपत आला होता. मनी सोफ्यावर पसरलेली आणि आई त्याच खोलीत, खिडकीपाशी खुर्चीवर. ती फारशी बाहेर येत नसे. जेवण कमी झालं होतं. आम्हाला वाटलं, वय झालं, त्यात अण्णांचं दुःख. माझी बायको मला हळूच म्हणाली, "मांजरीला आपण महिनाभर गाडी शिकवली. तिच्या वासाची गोधडी आणली, अंगणातली माती आणली. आईंना काय आणलं?"

मी आठवून पाहिलं. दोन सुटकेसमध्ये नवीन लुगडी, औषधं आणि बँकेचं पासबुक. जुनं काही नको, पुण्यात सगळं आहे, असं मीच म्हटलं होतं.

मित्रहो, मी एका रात्रीत आईला तिच्या साठ-पासष्ट वर्षांच्या घरातून उचललं होतं. चैत्रात सप्तशृंगी गडाच्या यात्रेला पायी जाणारे खानदेशातले लोक आमच्या ओट्यावर टेकायचे, ती त्यांना पाणी द्यायची. त्या ओट्यावरून उचलून मी तिला लिफ्टच्या घरात ठेवलं होतं, आणि वर म्हणत होतो की आई रुळत का नाही.

फेब्रुवारीत मी एकटा देवळ्याला आलो. तिचं जातं आणायचं होतं, ते जमलं नाही. पण तिची काठवट आणली, तवा आणला, अण्णांची खाट सुटी करून टपावर बांधून आणली. बाजरी आणली. आई त्या दिवशी स्वयंपाकघरात गेली आणि सुनेला म्हणाली, "सर, तुला थापता येत नाही." आम्हाला सगळ्यांना फार बरं वाटलं. आणि एक ठरवून टाकलं. देवळ्याचं घर विकायचं नाही. चैत्रात आणि दिवाळीत आईने तिथे येऊन राहायचं, महिना-महिना. ती सवयीची झाली आता. पुण्याचं घर रुळायला तिला आठ महिने लागले. मनीला तीन आठवडे लागले होते, कारण तिची तयारी आम्ही केली होती.

काही वर्षांपूर्वी मी वाचलं होतं की सायप्रस नावाच्या बेटावर शास्त्रज्ञांना साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची एक कबर सापडली. माणसाच्या शेजारी मांजर पुरलेलं. त्या बेटावर मांजरं मुळात नव्हती. म्हणजे कुणीतरी समुद्रातून होडीत घालून ती नेली होती. शेती करायला नवीन जमिनीवर निघालेली ती माणसं. बी-बियाणं घेतलं, शेळ्या-मेंढ्या घेतल्या, आणि मांजरही घेतलं. उंदरांसाठीच घेतलं असेल. पण मरताना शेजारी पुरलं, म्हणजे नुसतं उंदरांसाठी नसावं. कदाचित त्या होडीतही कुणी म्हातारी असेल, जी म्हणाली असेल, ती येणार असेल तर मी येईन.

आज या सभागृहात बसलेल्यांपैकी निम्मे पुण्या-मुंबई-नाशिकचे. आपल्यापैकी बऱ्याच जणांची आई किंवा वडील अजून देवळ्यात, उमराण्यात, खर्ड्यात, लोहोणेरला त्या घरांत आहेत. आज ना उद्या तुम्ही त्यांना आणायला जाल. जरूर आणा. एकटं ठेवू नका. पण गाडी दारात लावण्याआधी महिनाभर त्यांच्यासोबत बसा. काय बरोबर यायला हवं ते त्यांनाच विचारा. ते जे सांगतील ते तुम्हाला अडगळ वाटेल. भांडं असेल, खाट असेल, मांजर असेल. ते आणा. आणि त्यांनी वाटेत म्हटलं की गाडी उलटी फिरव, तर एकदा तरी फिरवा.

मनीची चौकशी तुम्ही करणारच, म्हणून सांगतो. ती आता या प्रवासाला सरावली आहे. या मेळाव्यासाठीही आमच्याबरोबर आली आहे. ती आणि आई दोघी आत्ता घरीच आहेत. आईने सांगितलंय की भाषण झालं की शेंगदाणे खायला या, ओटा आहे तिथेच आहे. फक्त येताना बाहेरचं दार हळू लावा, ती घाबरते.